शून्यांचा हिशेब : सिअ‍ॅटल, १५ ऑक्टोबर २०२२

सिअ‍ॅटलला जाऊन आलेल्या माणसाने माउंट रेनिअरविषयी, पाइक प्लेस मार्केटातल्या मासळीवाल्यांविषयी आणि स्पेस नीडलच्या काचेच्या जमिनीविषयी लिहावे, असा रिवाज पडून गेला आहे. हे सारे मीही पाहिले. डोंगर देखणा आहे, मासे खरोखरच एकाकडून दुसऱ्याकडे हवेतून फेकले जातात, आणि उंचावरच्या त्या काचेवरून खाली पाहण्यासाठी जे पैसे मोजावे लागतात ते मला अवाजवी वाटले. याहून अधिक सांगण्यासारखे माझ्यापाशी काही नाही. त्या मुक्कामातला जो भाग अजून मनातून जात नाही, तो म्हणजे एका शनिवारची लांबलचक दुपार. त्या दुपारी मी बेसबॉलचा एक सामना पाहिला. तो सहा तास बावीस मिनिटे चालला, त्यात दोन्ही संघ अठरा-अठरा डाव खेळले (एरवी नऊच असतात, आणि तीन बळी गेले की डाव संपतो) आणि सगळ्यांची मिळून धाव झाली एक. ती एकुलती एक धावही, आम्ही ज्यांच्यासाठी घसा कोरडा करीत होतो, त्यांची नव्हती.

माझी भाची आणि भाचेजावई सिअ‍ॅटलच्या पूर्वेकडील रेडमंड या उपनगरात राहतात. यंदाची दिवाळी आमच्याकडे कर, या भाचीच्या आग्रहावरून मी चकलीची भाजणी आणि मेतकूट घेऊन तिकडे गेले होते. बेसबॉल हा विषय माझ्या ध्यानीमनीही नव्हता. मात्र ऑक्टोबरच्या त्या पंधरवड्यात गावात दुसरा विषयच नव्हता. दुकानदार, बसचालक, शेजारच्या घरी गवत कापायला येणारा माणूस, ज्याच्या त्याच्या डोक्यावर मरिनर्स या स्थानिक संघाची टोपी होती. हा संघ २००१ नंतर एकदाही मोसमअखेरच्या बाद फेरीत पोहोचला नव्हता. २००१ साली त्यांनी तब्बल ११६ सामने जिंकले आणि त्यानंतर एकवीस वर्षे अशी गेली की, अमेरिकेतील चार मोठ्या सांघिक खेळांमध्ये इतका लांबलेला दुष्काळ त्या वेळी दुसऱ्या कोणत्याच संघाच्या वाट्याला आलेला नव्हता. ३० सप्टेंबरला कॅल रॅली या कॅचरने, म्हणजे बॅटरमागे बसून चेंडू झेलणाऱ्याने, अखेरच्या डावात होमरन मारून, म्हणजे चेंडू थेट भिंतीपलीकडे धाडून, तो दुष्काळ संपवला, हे भाचीने मला विमानतळावरून घरी नेतानाच सांगितले होते, आणि मी ‘हो का’ म्हणून सामानाच्या पट्ट्या मोजत बसले होते.

ह्यूस्टन अ‍ॅस्ट्रोज या संघाविरुद्धची ती मालिका पाच सामन्यांची होती. पहिले दोन सामने ह्यूस्टनला झाले. पहिल्यात मरिनर्स अखेरपर्यंत पुढे होते आणि योर्डन आल्वारेझ नावाच्या धिप्पाड बॅटरने अगदी शेवटी चेंडू प्रेक्षकांत भिरकावून तो सामना ८-७ असा फिरवला; दुसराही ४-२ असा गेला. तिसरा सामना घरच्या मैदानावर होता आणि तो हरला तर मोसमच संपणार होता. भाचेजावयांना ऐन वेळी ऑफिसचे काम निघाले आणि त्यांचे तिकीट माझ्याकडे आले. तिकिटाची किंमत मी विचारून पाहिली. त्यावर भाची “मावशी, तू फक्त खेळ बघ” एवढेच म्हणाली, त्यावरून काय समजायचे ते मी समजले.

रेडमंडहून ५४५ क्रमांकाची बस लेक वॉशिंग्टनवरच्या तरंगत्या पुलावरून शहरात जात असे. पाण्यावर खांबांशिवाय तरंगणारा सव्वादोन किलोमीटरहून लांब पूल ही वस्तुतः प्रवासवर्णनात दोन परिच्छेद घेण्याची गोष्ट आहे. परंतु बसमध्ये उभ्या असलेल्या टोपीधारी मंडळींमुळे मला खिडकीबाहेरचे काही दिसले नाही. शहरात गाडी बदलून आम्ही मैदानाच्या स्थानकावर उतरलो. मैदानाला लागूनच मालगाड्यांचे रूळ आहेत, आणि सामना चालू असताना इंजिनांचे भोंगे आत स्पष्ट ऐकू येतात. मिरज जंक्शनजवळ बालपण गेलेल्या मला त्या आवाजाने त्या परक्या गावात एकदम आपलेसे वाटले, हे नमूद केले पाहिजे.

टी-मोबाइल पार्क हे मैदान १९९९ साली उघडले. त्याला सरकते छत आहे. मात्र ते बंद केले तरी मैदान चहूबाजूंनी कोंडले जात नाही, डोक्यावर छत्री धरावी तेवढेच काम ते करते. इथे घरचे खाणे आत नेऊ देतात, ही गोष्ट मला फार आवडली. पुण्या-मुंबईच्या चित्रपटगृहांनी पर्समधला लाडूसुद्धा बाहेर काढायला लावायचा आणि इथे, जिथे एका पाण्याच्या बाटलीच्या पैशात आपल्याकडे दोघांचे जेवण होईल, तिथे माझा दशम्यांचा डबा पाहून सुरक्षारक्षकाने हसून पुढे जायला सांगावे, याला काय म्हणावे! आत विकत मिळणाऱ्या पदार्थांत भाजलेले नाकतोडे आहेत. मिरची, लिंबू आणि मीठ लावून ते लहानशा पेल्यात देतात, आणि सामन्यागणिक त्यांचे ३१२ पेलेच विकतात, असे भाचीने सांगितले. एडगर मार्टिनेझ या इथल्या लाडक्या बॅटरची कारकिर्दीतील सरासरी .३१२, म्हणजे हजारात ३१२ यशस्वी फटके, अशी होती, त्याचा हा मान. मैदानाशेजारच्या रस्त्यालाही त्याचेच नाव आहे. नाकतोडे मी खाल्ले नाहीत आणि त्याचे मला वाईटही वाटत नाही.

सामन्याआधीचा पहिला चेंडू टाकण्याचा मान फेलिक्स हर्नान्डेझला दिला होता. तो आला तेव्हा मैदान असे काही गर्जले की, माझ्या कानांत दडे बसले. पंधरा मोसम तो या एकाच संघासाठी चेंडू टाकत राहिला आणि एकदाही बाद फेरीचा सामना खेळू शकला नाही. १५ ऑगस्ट २०१२ रोजी याच मैदानावर त्याने टॅम्पा बेच्या सत्तावीसच्या सत्तावीस बॅटरांना एकालाही पहिल्या बेसवर, म्हणजे धावेच्या वाटेवरील चारांपैकी पहिल्या थांब्यावर, न जाऊ देता परतवले होते, आणि तो सामना मरिनर्सने १-० असा जिंकला होता. त्या दिवशी आपल्यापुढे काय वाढून ठेवले आहे, याची ही सूचनाच होती म्हणायची.

आमच्या जागा वरच्या मजल्यावर, पहिल्या बेसच्या बाजूला होत्या. खुर्च्या अरुंद, पुढच्या रांगेशी गुडघे घासणारे, आणि पायांखाली शेंगांच्या टरफलांचा थर. पण समोर सगळे मैदान तळहातावर असावे तसे दिसत होते. अमेरिकन मैदानावर माझा मोठा राग आहे तो तिथल्या गोंगाटावर. दोन चेंडूंच्या मध्ये जेवढी उसंत मिळते, तेवढ्यात ऑर्गन वाजतो, जाहिरात होते, पडद्यावर ‘आवाज करा’ असा हुकूम झळकतो आणि सत्तेचाळीस हजार सुशिक्षित माणसे तो मुकाट्याने, म्हणजे ओरडून, पाळतात. खेळ कधी रंगतो आहे हे प्रेक्षकाला कळते, असा विश्वास या लोकांना का वाटत नाही, ते मला समजले नाही.

माझ्या उजव्या हाताला सत्तरी ओलांडलेल्या एक बाई एकट्या बसल्या होत्या. त्यांच्या मांडीवर लाकडी पाटी, पाटीला चिमट्याने लावलेला छापील तक्ता आणि हातात टोकदार पेन्सिल. एकीकडे ऑर्गन, एकीकडे पडदा, आणि या बाई मात्र प्रत्येक चेंडूनंतर मान खाली घालून काही तरी लिहीत होत्या. सहकारी बँकेत लेजरवर वाकून माझे आयुष्य गेले आहे. दुसऱ्याच्या खतावणीत डोकावणे असभ्य आहे हे मला ठाऊक आहे, तरीही माझी नजर तिकडून हटेना. दुसऱ्या डावाच्या सुमारास त्यांनी काही न बोलता पाटी माझ्या बाजूला सरकवली आणि पेन्सिलीच्या टोकाने दाखवायला सुरुवात केली.

तक्त्याची रचना अशी होती. डावीकडे बॅटरांची नावे क्रमाने, वर डावांचे आकडे, आणि प्रत्येक चौकोनात फिकट रेघांनी काढलेला एक छोटा हिऱ्याचा आकार, म्हणजेच चार बेस. मैदानावरील प्रत्येक जागेला क्रमांक आहे. पिचर, म्हणजे चेंडू टाकणारा, १, कॅचर २, पहिला बेस ३, दुसरा ४, तिसरा ५, दुसऱ्या-तिसऱ्याच्या मधला शॉर्टस्टॉप ६, आणि दूरवरचे तिघे डावीकडून उजवीकडे ७, ८, ९. शॉर्टस्टॉपने चेंडू अडवून पहिल्या बेसकडे फेकला आणि बॅटर बाद झाला, तर चौकोनात ६-३. शॉर्टस्टॉपकडून दुसऱ्या बेसकडे आणि तिथून पहिल्याकडे जाऊन दोघे बाद झाले, तर ६-४-३. तीन स्ट्राइकवर, म्हणजे हुकलेल्या किंवा सोडून दिलेल्या तीन योग्य चेंडूंवर, बाद झालेल्याच्या नावापुढे इंग्रजी ‘के’, आणि तो बॅट न हलवता नुसता पाहत राहिला असेल तर तोच ‘के’ उलटा, आरशात दिसावा तसा. बेसवर पोहोचलेल्याची वाट हिऱ्याच्या बाजूंवरून गडद करीत न्यायची. चारही बाजू पूर्ण झाल्या की आतला भाग काळा करायचा, म्हणजे धाव झाली.

त्या दिवशी काळा करण्यासारखा एकही हिरा त्यांना मिळत नव्हता. मरिनर्सचा जॉर्ज कर्बी हा पहिल्याच मोसमातील कोवळा पिचर सात डाव टिकला आणि त्याने एकही धाव दिली नाही. समोरच्या लान्स मकलर्सने सहा डावांत तेच केले. पिचर आणि बॅटर यांच्यात साडेअठरा मीटरहून थोडे कमी अंतर असते, आपल्या खेळपट्टीपेक्षाही कमी, आणि चेंडू टप्पा न पडता ताशी दीडशे किलोमीटरने येतो. बॅटरला अर्धा सेकंदही मिळत नाही. त्यात ऑक्टोबरची दुपार कलू लागली. अशा वेळी मैदानावर सावल्या पसरतात आणि पिचर उन्हात, बॅटर सावलीत असा पेच पडला, तर बॅटरला चेंडू मध्येच हरवल्यासारखा वाटतो, असे बाईंनी मला सांगितले. आठव्या डावात हूलिओ रॉड्रिगेझ या मरिनर्सच्या नव्या ताऱ्याचा फटका दूरच्या भिंतीवर आदळला तेव्हा माझ्या डाव्या बाजूने भाची किंचाळली आणि उजव्या बाजूला पेन्सिल हिऱ्याच्या दोन बाजू गडद करून थांबली. पुढे काहीच झाले नाही. तो खेळाडू दुसऱ्या बेसवर उभा राहिला आणि डाव संपला.

क्रिकेटवर वाढलेल्या माणसाला हे शून्य कंटाळवाणे वाटेल, असा सर्वांचा समज असतो. माझ्या बाबतीत तो खोटा ठरला. आमच्या वडिलांनी बापू नाडकर्णी यांचे नाव घेतल्याशिवाय एकही कसोटी सामना ऐकला नाही. १९६४च्या जानेवारीत मद्रासला इंग्लंडविरुद्ध बापूंनी सलग २१ षटके निर्धाव टाकली. ३२ षटकांत २७ निर्धाव आणि धावा फक्त ५. वडील हा हिशेब देवाच्या आरतीसारखा म्हणत. त्यामुळे काहीही न घडू देणे ही मोठी कारागिरी आहे, हे आमच्या घरात कोणाला समजावून सांगावे लागत नसे. फरक एवढाच की, मद्रासची ती कसोटी अनिर्णित राहिली आणि सगळे आपापल्या घरी गेले. इथे ती सोय नाही. बाद फेरीत बरोबरी हा प्रकारच नसतो. नेहमीच्या मोसमात २०२० पासून, दहाव्या डावापासून पुढे दुसऱ्या बेसवर एक खेळाडू आयता उभा करतात, म्हणजे सामना लवकर निकाली निघावा. बाद फेरीत ती खिरापतही नाही. म्हणून नऊ डावांनंतर दहावा, दहाव्यानंतर अकरावा, आणि प्रत्येक शून्याबरोबर पुढच्या चेंडूचे ओझे वाढत जाते.

दहाव्या-अकराव्या डावापासून लोकांनी पायातले बूट काढून डोक्यावर ठेवायला सुरुवात केली. हे मी अतिशयोक्ती म्हणून लिहीत नाही. आदल्या आठवड्यात टोरांटोमध्ये मरिनर्स ८-१ असे मागे असताना कोणी तरी असा बूट डोक्यावर ठेवला आणि संघाने तो सामना १०-९ असा जिंकला. तेव्हापासून हा तोडगा गावभर झाला होता. माझ्या पुढच्या रांगेतील एका गृहस्थांनी आपला भला मोठा, चिखलाने माखलेला बूट टोपीवर पालथा घातला आणि मागे वळून मलाही अत्यंत आदराने तशी विनंती केली. भाचीने तर स्वतःचा चढवलाही होता. पायातली वहाण पायातच बरी, हे मी त्यांना कोणत्या शब्दांत सांगणार? देवळाबाहेर काढून ठेवण्याची वस्तू मस्तकी धारण करायची, आणि तीही मोजे घातलेले पाऊल बिअर सांडलेल्या टरफलांत टेकवून, हे माझ्याच्याने होणे नव्हते. मी नम्रपणे नकार दिला. ते गृहस्थ नाराज झाले नाहीत. परंतु सतराव्या डावापर्यंत, मरिनर्सचा बॅटर बाद झाला की, ते एकदा माझ्या पायांकडे पाहत असत. या लोकांच्या पाहुणचाराविषयी माझी तक्रार असेल तर ती एवढीच की, तो नाकारण्याची मुभा नसते.

बाईंनीही बूट काढला नव्हता, पण त्यांची अडचण निराळी होती. छापील तक्त्यात नऊ डाव आणि जादा म्हणून आणखी तीन रकाने होते. बारावा डाव संपला आणि तक्ता संपला. त्यांनी पिशवी चाचपली, शेजारच्यांकडे पाहिले. आजकाल कोणापाशी कागद नसतो, तिकीटसुद्धा फोनमध्ये. माझ्या पर्समध्ये माझ्या परतीच्या विमानतिकिटांचे छापील कागद होते, कारण फोनची बॅटरी संपली तर काय, ही शंका माझ्या मनातून कधीच जात नाही. त्यांची मागची बाजू कोरी होती. ते कागद मी पुढे केले, आणि त्यावर रकाने आखण्याचे काम बाईंनी माझ्यावर सोपवले. दशम्यांच्या डब्याचे झाकण पट्टीसारखे धरून मी उभ्या आडव्या रेघा मारल्या. बँकेत उमेदवारी करीत असताना संगणक नव्हते; वर्षअखेरीला हातांनी तक्ते आखूनच ताळेबंद होत असे. ती सवय बोटांत अजून आहे, हे मला त्या दिवशी सिअ‍ॅटलमध्ये कळले. हिरे मात्र बाईंनी काढू दिले नाहीत. ते त्यांनी स्वतः, एकेक करून, चौकोनात भरले.

त्यानंतरच्या डावांत आमची कामाची वाटणी झाली. मी मैदानाकडे पाहून क्रमांक सांगायचे आणि त्यांनी लिहायचे. माझा क्रमांक चुकला तर त्या पेन्सिल न उचलता नुसते ‘अं’ करीत, आणि मी पुन्हा पाही. होसे अल्टुवे बॅट घेऊन आला की, सगळे मैदान त्याची हुर्यो उडवीत असे. २०१७च्या मोसमात कॅमेऱ्याने विरुद्ध कॅचरच्या खुणा टिपून आणि कचऱ्याचा डबा बडवून आपल्या बॅटरला इशारा देण्याचे जे प्रकरण ह्यूस्टनच्या अंगाशी आले, त्याची आठवण लोकांनी सोडलेली नाही. त्या दिवशी तो आठ वेळा आला आणि आठही वेळा रिकाम्या हातांनी परतला. बाईंनी हुर्यो उडवली नाही. त्याच्या ओळीतला आठवा चौकोन भरून त्यांनी पेन्सिलीला टोक केले, एवढेच. या सामन्यात दोन्ही बाजूंचे मिळून ४२ बॅटर तीन स्ट्राइकवर बाद झाले, हा बाद फेरीतला विक्रम आहे; आमच्या कागदावर त्या ‘के’ अक्षरांची अशी दाटी झाली होती की, दुरून पाहणाऱ्याला एखाद्या मुलाला शिक्षा म्हणून गिरवायला दिलेले पान वाटावे.

सातव्या डावाच्या मध्यावर सगळ्यांनी उभे राहून एक गाणे म्हणण्याची इथली जुनी प्रथा आहे. चौदाव्या डावात ते पुन्हा म्हटले गेले, आणि या वेळी आवाजात भुकेची छटा होती. दशम्या केव्हाच संपल्या होत्या. शेवटची मी बूटवाल्या गृहस्थांना दिली होती आणि त्यांनी ती काय आहे हे न विचारता खाल्ली होती. सूर्य मावळला, दिवे प्रखर झाले. ऑर्गन वाजवणाराही थकला असावा, कारण मधल्या वेळेतील गोंगाट कमी झाला आणि त्याची जागा एका निराळ्या, कोणी न सांगता होणाऱ्या आवाजाने घेतली: दोन स्ट्राइक झाल्या की सगळे उभे, चेंडू सुटताना श्वास रोखलेला, आणि मग एकदम सुटकेचा हुंकार. हेच मी दुपारपासून मागत होते. याआधी बाद फेरीच्या इतिहासात एवढे डाव कोणी शून्यावर काढले नव्हते. एकच आठवडा आधी क्लीव्हलंड आणि टॅम्पा बे यांनी चौदा डाव शून्यावर काढून पंधराव्यात निकाल लावला होता, तो विक्रम आमच्या डोळ्यांदेखत मागे पडला.

चौदाव्या डावापासून ह्यूस्टनने लुइस गार्सियाला आणले. तो एरवी सामन्याची सुरुवात करणारा पिचर, म्हणजे लांब पल्ल्याचा माणूस. त्याने शेवटचे पाचही डाव एकट्याने टाकले. मरिनर्सला मात्र एकामागून एक पिचर उभे करावे लागत होते, आणि बेसबॉलमध्ये एकदा बाहेर गेलेला खेळाडू परत येऊ शकत नाही. गल्ल्यातली रोकड आटत चालली आहे हे मला आकड्यांवरून दिसत होते. बाईंनाही दिसत असणार. त्या काही बोलल्या नाहीत.

अठराव्या डावात ह्यूस्टनचा जेरेमी पेन्या आला. त्याचाही हा पहिलाच मोसम. पेन मर्फीचा एक चेंडू त्याने असा उचलला की, तो मैदानाच्या खोल भागातील भिंतीपलीकडे जाऊन पडला. चेंडू हवेत असताना भाचीने माझे मनगट धरले आणि तो पडल्यावर सोडले. सहा तासांचा हिशेब एका फटक्यात लिहून झाला. बाईंनी हिऱ्याच्या चार बाजू गडद केल्या आणि आतला भाग काळा करायला घेतला. माझ्याच तिकिटाच्या मागे, माझ्याच रेघांच्या चौकोनात परक्या संघाची धाव चढत होती आणि त्या ती इतक्या काळजीपूर्वक, कडेबाहेर न जाता भरत होत्या की, मला त्यांचा थोडा राग आला. निदान हलक्या हाताने तरी भरायची!

मरिनर्सच्या अखेरच्या तीन बॅटरांविषयी मी लिहीत नाही. सामना संपला तेव्हा लोक उठून निघतील, असे मला वाटले होते, कारण आपल्याकडे हरलेल्या संघाकडे पाठ फिरवायला एक क्षण लागत नाही. इथे हजारो माणसे उभी राहून टाळ्या वाजवत राहिली. बूट आपापल्या पायांत गेले होते. त्या गर्दीत बाई खाली बसल्या आणि त्यांनी बेरजा करायला घेतल्या. बेसबॉलच्या तक्त्याला ताळा असतो, हे मला तेव्हा समजले. एका संघाच्या जितक्या बॅटरांनी आपली पाळी घेतली, त्यांची संख्या ही त्या संघाच्या धावा, बेसवर अडकून राहिलेले खेळाडू आणि समोरच्या संघाने घेतलेले बळी, या तिघांच्या बेरजेइतकी असली पाहिजे. बळी दोन्हीकडे ५४. एका बाजूला धाव १, दुसऱ्या बाजूला ०. उरलेले सगळे बेसवर अडकलेले. त्यांनी बेरीज केली, मी तपासली, आणि दोन्ही बाजू जुळल्या. ही तक्त्याची पद्धत रुळवणारा हेन्री चॅडविक हा मूळचा इंग्लंडचा, आधी क्रिकेटचे वृत्तांत लिहिणारा माणूस होता, हे त्यांनी मला तेव्हा सांगितले. जमा आणि नावे यांचा मेळ घालण्याची ही हौस आपल्याच बाजूच्या खेळातून तिकडे गेली, याचे मला समाधान वाटले.

तो कागद मला मिळेल, अशी माझी समजूत होती. शेवटी रेघा माझ्या होत्या आणि कागदही. मी तसे सुचवले. बाईंनी स्वच्छ नकार दिला. संघ १९७७ साली स्थापन झाला तेव्हापासूनचे, म्हणजे पुढे पाडून टाकलेल्या किंगडोम या जुन्या मैदानातल्या सामन्यांपासूनचे तक्ते त्यांच्या घरी वर्षवार लावून ठेवले आहेत, आणि हा त्यांपैकीच एक. त्यांनी माझी तिकिटे प्लास्टिकच्या पिशवीत घातली, माझा हात धरून आभार मानले आणि त्या कठड्याला धरून पायऱ्या उतरू लागल्या. मी भाचीला तिकिटे पुन्हा छापून देण्यास सांगितले. ती त्या वेळी कोणाशीच बोलत नव्हती.

परतीच्या बसविषयी काय लिहावे! सामना एवढा लांबेल हे वेळापत्रक करणाऱ्याला कसे ठाऊक असणार, हे मान्य. पण भरलेल्या बसेस थांब्यावर न थांबता समोरून निघून गेल्या आणि आम्ही थंडीत उभ्या राहिलो, हेही खरे. घरी पोहोचेपर्यंत भाचेजावई जेवून झोपण्याच्या तयारीत होते. त्यांनी बाराव्या डावाला टीव्ही बंद केला होता. “एका धावेसाठी सहा तास?” असे त्यांनी विचारले, आणि भाची उत्तर न देता आत निघून गेली. मी त्यांना ताळ्याची रीत समजावून सांगण्याचा प्रयत्न केला. ते संगणक क्षेत्रातले असल्यामुळे त्यांना ती पटकन कळली, आवडली मात्र नाही.

पुढच्या शनिवारी ह्यूस्टनचा सामना न्यूयॉर्कला होता. त्या संघाचे तोंडही पाहायचे नाही असे भाचीने ठरवले होते, त्यामुळे चकल्या तळण्याचे काम तिने घेतले आणि टीव्हीसमोर मी वही आखून बसले. दोन्ही बाजूंचे हिरे काढले, नावे भरली, पेन्सिलीला टोक केले. चौथ्या डावात भाचेजावयांनी पाच मिनिटे म्हणून बातम्या लावल्या आणि परत लावेपर्यंत दोन बॅटर होऊन गेले होते. शेवटी बेरीज केली तेव्हा दोनचाच फरक आला. तो कोणाच्या नावावर टाकायचा, हे मी त्यांना चकलीचे ताट देताना सांगितले.